विश्लेषण : अहिराणी गाण्याला कोट्यवधी व्ह्यूज, पण कलाकाराच्या हाती किती? खान्देशातील छोट्या कलाव्यवसायाचे अर्थकारण काय सांगते?

‘बबल्या इकस केसावर फुगे’, ‘हाई झुमका वाली पोर’ यांसारख्या खान्देशी गाण्यांनी गेल्या काही वर्षांत यूट्यूबवर कोट्यवधी व्ह्यूज मिळवले. जळगाव, धुळे आणि आसपासच्या तालुक्यांत गायक, गीतकार, संगीत संयोजक, कॅमेरामन, नर्तक आणि संकलक यांचा एक छोटा उद्योगच त्यामुळे उभा राहिला. मात्र गाणे गाजणे आणि घर चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नसराईवर अवलंबून असलेले उत्पन्न, तोंडी करार, घर आणि धंदा यांचे एकच खाते आणि कराबाबतची धास्ती यांमुळे गाजलेला कलाकारही पावसाळ्यात उसनवारीवर येतो. हे का होते, कायदा काय सांगतो आणि हिशेब कसा बसवता येतो, याचा आढावा.

खान्देशी गाण्यांचा व्यवसाय कसा बदलला?

आखाजीला माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरची गाणी, श्रावणातला कानबाईचा उत्सव, गावोगावचे वहीगायन आणि जत्रांमधला तमाशा हा खान्देशातील लोकसंगीताचा जुना आधार. त्याचे अर्थकारण सुपारी, बिदागी आणि उचल या तीन शब्दांत मावत असे. गावाने सुपारी द्यायची, प्रेक्षकांनी बिदागी द्यायची आणि हंगामाआधी घरखर्चासाठी फडमालकाकडून उचल घ्यायची. कॅसेट आणि सीडीच्या काळात गायकाला अनेकदा एकरकमी पैसे मिळत. पुढे किती प्रती विकल्या गेल्या, हे त्याला कळतही नसे.

यूट्यूबमुळे मधला व्यापारी बाजूला झाला. शेजारच्या मालेगावात २००० साली ‘मालेगाव के शोले’सारखे तुटपुंज्या खर्चातले विडंबनपट तयार झाले, तेव्हा ते दाखवायला व्हिडीओ पार्लर लागत होते. आता चॅनल काढले की वितरण फुकट होते. पण त्याबरोबर निर्मात्याची सगळी जोखीमही कलाकाराच्या अंगावर आली. ध्वनिमुद्रण, संगीत संयोजन, चित्रीकरण, ड्रोन, कपडे, नर्तकांचे मानधन, सगळ्यांचे जेवण आणि गाडीभाडे हा सारा खर्च गाणे प्रदर्शित होण्याआधी करावा लागतो. उत्पन्न मात्र नंतर येते, थोडे थोडे येते आणि येईलच याची खात्री नसते. म्हणजे गायक हा आता केवळ गायक राहिलेला नाही. तो छोटा उद्योजक झाला आहे, पण हिशेब अजून सुपारीच्या काळातलाच आहे.

व्ह्यूजचे पैसे कसे मिळतात?

‘एका व्ह्यूला इतके पैसे’ असा कोणताही ठरलेला दर नाही. चॅनलला जाहिरातींचे पैसे मिळण्यासाठी किमान १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची नोंद, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. त्यानंतर मोठ्या व्हिडीओवरील जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के, तर शॉर्ट्सच्या बाबतीत ४५ टक्के वाटा चॅनलकडे येतो. जाहिरात किती दिसली, प्रेक्षक कोणत्या देशातला आणि हंगाम कोणता, यावर रक्कम ठरते. भारतातील प्रेक्षकांवर मिळणारा जाहिरात दर अमेरिका-युरोपच्या तुलनेत बराच कमी असतो. अहिराणी गाण्याचा प्रेक्षक प्रामुख्याने खान्देशात आणि सुरतमध्ये स्थायिक झालेल्या खान्देशी कुटुंबांत आहे. त्यामुळे व्ह्यूजचा आकडा डोळे दिपवणारा असला तरी रक्कम त्या प्रमाणात मोठी नसते.

पैसे हातात येण्याच्या वाटेवरही काही टप्पे आहेत. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो. खेड्यातला अर्धवट पत्ता दिला तर तो पोहोचत नाही आणि रक्कम अडकते. शिल्लक १०० डॉलर झाल्यावरच ती पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या सुमारास बँकेकडे पाठवली जाते. अमेरिकी कराचा फॉर्मही भरावा लागतो. तो भरलेला असेल तर केवळ अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे झालेल्या उत्पन्नावर भारत-अमेरिका करारानुसार १५ टक्के कपात होते. तो भरलाच नाही तर व्यक्तिगत खात्याच्या जगभरच्या उत्पन्नातून २४ टक्क्यांपर्यंत रक्कम कापली जाऊ शकते.

लग्नात गाणे वाजले तर गायकाला काही मिळते का?

खान्देशी गाण्याची खरी लोकप्रियता हळदीच्या मांडवात आणि वरातीतल्या डीजेवर मोजली जाते. तेथून मात्र कलाकाराला एक रुपयाही मिळत नाही, आणि हे कायद्याला धरून आहे. कॉपीराइट कायदा १९५७ मधील कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक समारंभात संगीत वाजवणे हे स्वामित्वहक्काचे उल्लंघन ठरत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित सामाजिक कार्यक्रम यांचाही त्यात समावेश आहे. केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून लग्नसमारंभांत यासाठी रॉयल्टी मागू नये, असे स्पष्ट केले. डीजे पेनड्राइव्हवरून गाणे वाजवत असेल तर यूट्यूबवर त्याचा व्ह्यूही नोंदला जात नाही.

म्हणून गाजलेल्या गाण्याचा उपयोग प्रत्यक्ष उत्पन्नापेक्षा जाहिरातीसारखा अधिक होतो. गाणे गाजले की कार्यक्रमांच्या सुपाऱ्या वाढतात, दुकानाच्या उद्घाटनाचे बोलावणे येते, दुसरे निर्माते गाण्यासाठी बोलावतात. ही लाट फार काळ टिकत नाही. त्या काळात आलेल्या पैशाचे काय केले, यावर पुढची वर्षे ठरतात.

गाणे नेमके कोणाच्या मालकीचे?

एका गाण्यात किमान चार हक्क असतात. शब्दांवर गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा आणि गायनावर गायकाचा कलावंत म्हणून असलेला हक्क. पैसे घालणारा, गाणारा आणि चॅनल चालवणारा एकच असेल तर प्रश्न येत नाही. पण बहुतेक गाणी चार मित्रांनी मिळून केलेली असतात. चॅनल एकाच्या ईमेलवर, बँक खाते दुसऱ्याचे आणि शब्द तिसऱ्याचे, अशी स्थिती असते. गाणे पडले तर कोणी विचारत नाही. ते गाजले की वाद सुरू होतो, आणि तेव्हा दाखवायला कोणाकडेच कागद नसतो.

कायदा येथे कलाकाराच्या बाजूने बऱ्यापैकी उभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क सोडून देता येत नाही. चित्रपटाचा भाग नसलेल्या ध्वनिमुद्रणांनाही हे संरक्षण आहे. हक्क देण्याचा करार लेखी असणे बंधनकारक आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. ‘सर्व हक्क कायमचे’ असे छापील वाक्य असलेल्या कागदावर सही करण्याआधी म्हणूनच थांबायला हवे.

करारनामा दोन पानांचाही पुरतो. गाण्याचे नाव, कोणाचे काम काय, खर्च कोणी किती केला, उत्पन्नातला प्रत्येकाचा वाटा किती टक्के, चॅनलचा ताबा कोणाकडे आणि हिशेब दर किती महिन्यांनी द्यायचा, हे त्यात असले पाहिजे. गीतकार आणि संगीतकार यांना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे सदस्य होता येते. पारंपरिक चाल कोणाच्याही मालकीची नसते. मात्र चित्रपटगीताची चाल उचलली तर मूळ हक्कधारक त्या व्हिडीओच्या उत्पन्नावर दावा करू शकतो. अशा वेळी व्ह्यूज आपले आणि पैसे दुसऱ्याचे, असा प्रकार होतो.

हंगामी उत्पन्नाचा हिशेब कसा मांडायचा?

खान्देशात हातात पैसा खेळतो तो कापूस विकला गेल्यावर. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, पुढे शिवजयंती, आंबेडकर जयंती, आखाजी आणि जत्रांचे दिवस येतात. आषाढापासून चातुर्मास लागला की कार्यक्रम आटतात. गणेशोत्सव आणि नवरात्र यांचाच काय तो आधार उरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गायकाने वर्षभरात प्रत्येकी १५ हजार रुपयांचे ४० कार्यक्रम केले. त्याचे ६ लाख झाले. यूट्यूबचे १ लाख ८० हजार आणि स्वतःच्या छोट्या स्टुडिओत इतरांचे ध्वनिमुद्रण करून १ लाख २० हजार मिळाले. एकूण जमा ९ लाख. खर्चात साथीदारांचे २ लाख ४० हजार, प्रवासाचे ६० हजार, तीन नव्या गाण्यांच्या निर्मितीचे २ लाख ४० हजार आणि उपकरणांच्या हप्त्यांचे ६० हजार, म्हणजे ६ लाख गेले. उरले ३ लाख, महिन्याला २५ हजार. हा गायक ९ लाख कमावतो असे गावाला वाटते आणि मे महिन्यात खिसा गरम असताना त्यालाही तसेच वाटते. गाडीचा हप्ता त्याच महिन्यात ठरतो आणि फेडायचा असतो ऑगस्टमध्ये.

यावर सोपा उपाय म्हणजे दोन खाती. धंद्याची सगळी जमा एका खात्यात घ्यायची आणि तेथून घरखात्यात दर महिन्याला ठरलेला पगार टाकायचा. वरील उदाहरणात तो १८ हजार धरला तर वर्षाचे २ लाख १६ हजार होतात. उरलेल्या ८४ हजारांपैकी ७२ हजार, म्हणजे चार महिन्यांचा पगार, जुलै ते ऑक्टोबरसाठी बाजूला राहतो. १२ हजार दुरुस्ती आणि विम्याला पडतात. नवे गाणे काढायचे ते निर्मितीसाठी ठेवलेल्या रकमेतूनच. घरखाते किंवा दागिने त्यासाठी हलवायचे नाहीत.

पंचांगाचाही हिशेबात विचार करावा लागतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ आहे. अधिक मासात लग्ने टाळली जातात. वरील गायकाचे त्यामुळे १० कार्यक्रम गेले तर जमा दीड लाखाने घटते. साथीदार आणि प्रवास यांवरचे ७५ हजार वाचले तरी निव्वळ तोटा ७५ हजारांचा होतो. वर्षाच्या शिलकीतील हा चौथा हिस्सा आहे.

सुपारीचे पैसे थकले तर?

सुपारी घेताना मिळालेला इसार ही कमाई नसते, ती एक जबाबदारी असते. कार्यक्रम रद्द झाला तर ती रक्कम परत द्यावी लागू शकते. म्हणून कार्यक्रम होईपर्यंत इसाराला हात लावू नये. तारीख, ठिकाण, वेळ, साथीदारांची संख्या, एकूण रक्कम, इसार, उरलेली रक्कम कधी देणार आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, हे व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याचे ‘मान्य’ असे उत्तर घेतले तरी पुढे उपयोगी पडते. उरलेले पैसे कार्यक्रम सुरू होण्याआधी घेण्याची प्रथा अनेक बँड पथके पाळतात. ध्वनिवर्धक बंद झाल्यावर वसुली अवघड होते, हा सर्वांचाच अनुभव असतो.

ग्राहक एखादी कंपनी, संस्था किंवा निर्मिती संस्था असेल तर आणखी एक मार्ग आहे. उद्यम पोर्टलवर नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागते आणि तक्रारही करता येते. उद्यम नोंदणी मोफत आहे. मात्र काम करण्याआधी नोंदणी आणि कामानंतर रीतसर बिल, या दोन्ही गोष्टी हाताशी हव्यात.

जीएसटी आणि प्राप्तिकर लागू होतो का?

महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. सुरतला जाऊन कार्यक्रम केला तरी ही सवलत राहते. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातील गायन, नृत्य, नाट्य यांच्या कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर तो कार्यक्रम करमुक्त आहे. चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्राला मात्र ही सूट नाही. नोंदणीची मर्यादा ओलांडली तर त्यावर १८ टक्के कर येतो. येथे एक गफलत नेहमी होते. संपूर्ण पथकाची सुपारी म्होरक्याच्या नावावर आली तर ती सारी त्याची उलाढाल धरली जाते. ४० हजारांच्या ६० सुपाऱ्या म्हणजे २४ लाख, मग साथीदारांना वाटून हातात कितीही कमी उरो. साथीदारांचे पैसे बँकेतून किंवा यूपीआयने दिले तर निदान खर्चाचा पुरावा राहतो. यूट्यूबचे परदेशातून येणारे पैसेही उलाढालीत मोजले जातात.

प्राप्तिकराची भीती मात्र प्रमाणाबाहेर आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही. छोट्या व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाचाही पर्याय आहे. चित्रपट कलाकारासारख्या ठरावीक व्यवसायांत जमेच्या ५० टक्के, तर इतर छोट्या उद्योगांत बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के रक्कम किमान नफा म्हणून दाखवता येते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, पण या तरतुदी कायम आहेत. आपण कोणत्या गटात बसतो, हे सनदी लेखापालाकडून एकदा नक्की करून घेणे हिताचे.

कर नसला तरी विवरणपत्र भरणे फायद्याचे आहे. एखाद्या संस्थेने वर्षात ५० हजारांहून अधिक व्यावसायिक मानधन दिले तर १० टक्के टीडीएस कापला जातो. विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही. कॅमेरा किंवा साउंड सिस्टीमसाठी कर्ज मागितले की बँक पहिल्यांदा तीच कागदपत्रे मागते.

कर्ज आणि म्हातारपणाची तरतूद काय?

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात मूर्तिकार आणि कुंभार बसतात, गायक-वादक बसत नाहीत. त्यांच्यासाठी मुद्रा योजना जवळची. तिच्या शिशू गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. कर्ज उपकरणांसाठी घेतले तर ते उपकरण कमवून देते. एका गाण्याच्या चित्रीकरणासाठी घेतलेले कर्ज मात्र ते गाणे चालले नाही तरी फेडावेच लागते. खासगी सावकाराच्या महिना तीन-चार टक्क्यांचे वार्षिक व्याज ३६ ते ४८ टक्के होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

कार्यक्रम संपवून रात्री-अपरात्री टेम्पो आणि जीपने परतणाऱ्या पथकासाठी वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघात संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि ४३६ रुपयांत २ लाखांचे आयुर्विमा संरक्षण देणारी जीवन ज्योती योजना उपलब्ध आहे. प्रत्येक साथीदाराचा हप्ता पथकाच्या खात्यातून भरला तरी तो एका सुपारीच्या तुलनेत किरकोळ आहे. अटल पेन्शन योजनेत ४० वर्षे वयापर्यंत सहभागी होता येते, प्राप्तिकर भरणाऱ्यांना मात्र नाही.

राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेत २०२४ पासून निवड झालेल्या कलाकारांना दरमहा ५ हजार रुपये मिळतात. वयाची आणि उत्पन्नाची अट पूर्ण करून, कलेतील कामाचे पुरावे जोडून अर्ज करावा लागतो. त्यामुळे कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि प्रमाणपत्रे तरुणपणापासूनच जपून ठेवलेली बरी.

राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांची अखेरची वर्षे आर्थिक विवंचनेत गेली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे त्यांच्याच नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले. त्यांच्या पिढीला गाण्याचा हक्क, डिजिटल जमा किंवा नोंदणीकृत व्यवसाय यांचा फारसा आधार नव्हता. आजच्या खान्देशी कलाकाराला तो आहे. पुढच्या गाण्याचे चित्रीकरण ठरवण्याआधी दोन पानांचा करार आणि दुसरे बँक खाते, एवढी सुरुवात या तुळशीच्या लग्नाआधी करता येण्यासारखी आहे.